स्वल्प किमतीचें नेटबुक व त्यास पेलणारें सॉफ्टवेअर

विद्यार्थ्यास संगणक हवा कीं नको, हा वाद आतां उरलेला नाहीं. २०२५ सालापासून अकरावीचे प्रवेश सबंध महाराष्ट्रांत ऑनलाइन होऊं लागले. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीच्या संकेतस्थळावर भरावे लागतात. अकलूजच्या आसपास ज्या घरांत ऊस किंवा मोलमजुरी हाच संसाराचा आधार आहे, त्या घरांतील मुलासहि या दारांतूनच पुढें जाणें प्राप्त आहे. मोबाईल बहुतेक घरीं पोहोंचला आहे खरा. परंतु तें मुख्यत्वें वाचण्याचें व पाहण्याचें साधन आहे, लिहिण्याचें नव्हे. पांच पानांचा निबंध, प्रयोगाची नोंद अथवा जमाखर्चाचें कोष्टक वीतभरहि नसलेल्या पडद्यावर नीट साधत नाहीं. तेव्हां थोड्या पैशांत कोणतें यंत्र घ्यावें व त्यांत काय घालावें, या प्रश्नाचा पद्धतशीर विचार प्रस्तुत लेखांत आम्ही करणार आहों.

आमचें मुख्य म्हणणें प्रारंभींच सांगतों. बहुतेक गिऱ्हाइकें प्रथम यंत्र पसंत करतात, मग त्यांत असेल तें सॉफ्टवेअर वापरतात, आणि शेवटीं त्यावर आपलें कोणतें काम होईल याचा शोध घेतात. खरा क्रम याच्या अगदीं उलट आहे. आधीं काम ठरवावें, मग त्या कामाचें सॉफ्टवेअर, आणि सर्वांत शेवटीं यंत्र. हा क्रम संभाळला तर साधें यंत्रहि वर्षानुवर्षें सेवा देतें. तो मोडला तर उसाच्या बिलांतून हौसेनें घेतलेल्या वस्तूची दोन वर्षांत अडगळ होते.

नेटबुकाचा पूर्ववृत्तान्त

नेटबुक म्हणजे सात ते अकरा इंची पडद्याचा, वजनानें किलो-सवा किलोचा, थोड्या शक्तीचा व थोड्या किमतीचा लॅपटॉप. या जातीच्या यंत्रांस लोकप्रियता मिळवून दिली ती तैवानच्या असूस कंपनीच्या ‘ई पीसी’नें, २००७ सालीं. त्याच्या सर्वपरिचित नमुन्यांत रॅम ५१२ एमबी व साठवणीची जागा ४ जीबी, म्हणजे आजच्या साध्या मोबाईलहूनहि कमी होती. तरी तें यंत्र चाले. कारण त्यांत लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम हलक्या स्वरूपांत घातलेली होती. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे यंत्राच्या सर्व अवयवांवर कारभार चालविणारें मूळ सॉफ्टवेअर होय.

त्याच सालीं आपल्या महाराष्ट्रांतहि एक उद्बोधक प्रयोग झाला. अमेरिकेंतील निकोलस निग्रोपॉन्टी यांनीं २००५ मध्यें प्रत्येक मुलास एक लॅपटॉप देण्याची योजना मांडली होती. शंभर डॉलरांत यंत्र द्यावें हा त्यांचा संकल्प. प्रत्यक्षांत किंमत जवळजवळ दुपटीवर गेली. आपल्या केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानें २००६ सालीं ही योजना स्वीकारली नाहीं. तथापि २००७ मध्यें रायगड जिल्ह्यांतील खैरात या लहानशा गांवच्या मराठी शाळेंत तीं यंत्रें मुलांच्या हातीं आलीं, व भारतांतील या योजनेचा पहिला प्रयोग तेथें झाला. त्या यंत्रांत रॅम अवघी २५६ एमबी व साठवण १ जीबी होती. मात्र पडदा उन्हांतहि वाचतां येई, वीज फार थोडी लागे, आणि ‘शुगर’ नांवाचें त्याचें सॉफ्टवेअर शाळकरी मुलांसाठींच मुद्दाम रचलेलें होतें. काम आधीं ठरलें व यंत्र मागाहून बेतलें, हा आमच्या क्रमाचा उत्तम दाखला होय.

पुढें २०१० मध्यें आयपॅड आला, टॅबलेट व मोबाईल स्वस्त झाले, आणि २०१३ च्या सुमारास नेटबुक हें नांव बाजारांतून जवळजवळ मावळलें. गरज मात्र मावळली नाहीं. तिची जागा आतां लहान लॅपटॉप, क्रोमबुकें व कचेऱ्यांतून वापरून बाहेर पडलेलीं यंत्रें यांनीं घेतली आहे. २०२३ च्या जुलैअखेर रिलायन्सनें जाहीर केलेलें ११.६ इंची जिओबुक हें याच कुळांतलें. त्यांत ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठवण असून त्या वेळीं त्याची किंमत १६,४९९ रुपये होती.

खळें, कणगी आणि बैल

दुकानांत यंत्राचे अनेक आंकडे सांगितले जातात. त्यांपैकीं तीन समजले म्हणजे पुरे. रॅम हें खळें होय. कणसें पसरून मळणी होते ती खळ्यांत. साठवण, मग ती हार्ड डिस्क असो वा एसएसडी, ही कणगी होय. मळलेलें धान्य तींत राहतें. प्रोसेसर म्हणजे मळणीचे बैल. बैल कितीहि दांडगे असले तरी खळें चिमुकलें असेल तर ते मेढीभोंवतीं अडखळत फिरणार. आणि दर खेपेस कणसें कणगींतून काढून पुन्हां कणगींत टाकावीं लागलीं तर दिवस मावळेपर्यंत मळणी संपणार नाहीं. रॅम अपुरी असलेलें यंत्र मंद चालतें तें याच कारणानें. म्हणून पैसे थोडे असतां प्रोसेसरच्या नांवापेक्षां रॅमच्या आंकड्याकडे अधिक लक्ष द्यावें. कणगीच्या बाबतींत जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजीं एसएसडी बसविली तर जुनें यंत्रहि नव्या उत्साहानें चालूं लागतें.

आतां विंडोजचें उदाहरण घेऊं. २०२१ सालीं आलेल्या विंडोज ११ साठीं मायक्रोसॉफ्टनें किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण व टीपीएम २.० ही सुरक्षाव्यवस्था आवश्यक ठरविली आहे. येथें ‘किमान’ या शब्दाचा अर्थ नीट ध्यानीं घ्यावा. तेवढ्यांत सिस्टीम सुरू होईल, पण सुखानें काम होईलच असें नाहीं; त्यासाठीं ८ जीबी रॅम असावी असें आमचें मत आहे. दुसरी गोष्ट अशी कीं, विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. त्यामुळें ज्यांवर विंडोज ११ नियमानुसार बसत नाहीं अशीं पुष्कळ धडधाकट यंत्रें स्वस्तांत विकावयास निघालीं आहेत. गरीब विद्यार्थ्यासाठीं खरी संधि येथेंच आहे. कारण त्यांत हलकी लिनक्स घातली असतां तीं पुन्हां कामास येतात.

कोणत्या यंत्रास काय साजेल

लिनक्सच्या अनेक आवृत्त्या विनामूल्य मिळतात. ४ जीबी रॅमच्या यंत्रांत लिनक्स मिंटची ‘एक्सएफसीई’ ही आवृत्ति अथवा लुबंटू घालावी. २ जीबी असल्यास लुबंटू किंवा त्याहून हलकी अँटीएक्स घालून एका वेळीं थोडींच पानें उघडावीं. १ जीबी वा त्याहून कमी रॅमच्या जुन्या नेटबुकासाठीं पपी लिनक्स आहे. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी कॉलर यांनीं २००३ सालीं ती प्रथम प्रसिद्ध केली. भारतीय भाषांकडे विशेष लक्ष देऊन सी-डॅक या आपल्या सरकारी संस्थेनें केलेली ‘बॉस’ लिनक्सहि नांव घेण्याजोगी आहे.

लेखन व कोष्टकें यांसाठीं लिबर ऑफिस पुरेसें आहे. फारच दुबळ्या यंत्रावर लेखनास अ‍ॅबीवर्ड व कोष्टकास न्यूमेरिक वापरावें. कांहीं विक्रेते महागडें सॉफ्टवेअर परवान्यावांचून ‘फुकट’ घालून देतात. ती चोरीची वस्तु आहे, आणि तिच्यासोबत व्हायरसहि घरांत शिरण्याचें भय असतें. विनामूल्य व निर्दोष साधन उपलब्ध असतां विद्यार्थ्यानें असला माल स्वीकारूं नये.

मात्र सिस्टीम हलकी घातली कीं सर्वच हलकें झालें, ही समजूत चुकीची आहे. आजकालचीं संकेतस्थळें स्वतःच जड असतात, आणि ब्राउझरमध्यें उघडलेलें प्रत्येक पान खळ्यांतील जागा अडवितें. यंत्र मंदावलें तर पहिला संशय उघड्या पानांचा घ्यावा. शिवाय २००८ च्या सुमारास नेटबुकांत सर्रास असणारा इंटेलचा ॲटम एन २७० हा प्रोसेसर ३२ बिटचा आहे, आणि त्या जातीचा पाठिंबा आटत चालला आहे. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या डेबियन १३ पासून ३२ बिट पीसीसाठीं इन्स्टॉलर मिळेनासा झाला. असें यंत्र कोणी भेट दिलें तर तें लेखन-वाचनास खुशाल वापरावें. पैसे मोजून घेऊं नये, व बँकेचा व्यवहार त्यावर करूं नये.

यंत्राची साठवण व मराठी भाषा

आपलें लेखन मराठींत व्हावयाचें असल्यामुळें एक कसोटी आम्ही विशेष मानतों. लेखन युनिकोडमध्येंच करावें. जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत टंकलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांसारखा दिसतो, आणि वर्षाची मेहनत वाया जाते. सरकारनें प्रमाण मानलेला इनस्क्रिप्ट कीबोर्ड विंडोज व लिनक्स या दोहोंतहि असतो. तो एकदां शिकला कीं हिंदी, संस्कृतहि त्याच बोटांनीं लिहितां येतें. परीक्षेसाठीं ‘दऱ्या’, ‘क्षितिज’, ‘ज्ञान’, ‘ऑक्टोबर’, ‘बाळ’ हे शब्द लिहून पाहावे. ते पडद्यावर शुद्ध उमटले म्हणजे निर्धास्त व्हावें. जेथें इंटरनेट वारंवार तुटतें तेथें किविक्स हें सॉफ्टवेअर फार उपयोगी पडतें. १ मे २००३ पासून चालू असलेला मराठी विकिपीडिया त्याच्या योगें एकदां उतरवून घेतला म्हणजे पुढें इंटरनेटवांचून वाचतां येतो.

वापरलेलें यंत्र पारखावें कसें

अकलूजला घोड्यांचा बाजार भरतो. तेथें जाणता गिऱ्हाईक झूल पाहून भुलत नाहीं. तो घोड्याचे दात पाहतो, खूर उचलून पाहतो, आणि चार पावलें चालवून पाहतो. जुन्या लॅपटॉपचीहि परीक्षा तशीच घ्यावी.

दात म्हणजे वय. प्रोसेसरचें पूर्ण नांव, रॅम, व ती पुढें वाढवितां येते कीं नाहीं, हें विचारून कागदावर लिहून घ्यावें. क्रोमबुक असेल तर त्याचे अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार हें अवश्य पाहावें. मोबाईलच्या जातीचा प्रोसेसर असणाऱ्या यंत्रांवर, उदाहरणार्थ जिओबुकावर, वर सांगितलेली लिनक्स सामान्यतः घालतां येत नाहीं, हेंहि स्मरणांत ठेवावें.

खूर म्हणजे अवयव. बिजागरी सैल आहे काय, सर्व कळा उमटतात काय, पडद्यावर डाग आहेत काय, चार्जर मूळचा आहे काय, हें पाहावें. बॅटरी फुगलेली दिसली तर तें यंत्र तसेंच ठेवून द्यावें. फुगलेली बॅटरी पेट घेऊं शकते.

चालवून पाहणें याची युक्ति सोपी आहे. लुबंटू किंवा मिंट पेन ड्राइव्हवर उतरवून न्यावी आणि यंत्र त्यावरून सुरू करावें. हार्ड डिस्कला हात न लावतां वाय-फाय, आवाज, कॅमेरा व मराठी लेखन यांची परीक्षा पंधरा मिनिटांत होते. विक्रेत्यानें एवढी परवानगी नाकारली तर दुसरें दुकान पाहावें.

किमतीचा हिशेब वर्षावर करावा. समजा, ९,००० रुपयांचें यंत्र दीड वर्ष चाललें. तें वर्षास ६,००० रुपयांस पडलें. १५,००० रुपयांचें पांच वर्षें चाललें तर वर्षास ३,००० च पडले. उलट, केवळ निबंध, अर्ज व वाचन एवढेंच काम असतां ४०,००० रुपये घालणें हाहि घराच्या पोटास चिमटा घेण्याचाच प्रकार आहे. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण जशी पैशास, तशीच रॅमलाहि लागू आहे.

आमच्या विद्यार्थिबंधूंस व भगिनींस शेवटीं एवढेंच सुचवितों. सोलापूर-पुण्याच्या दुकानीं जाण्यापूर्वीं घरीं वडीलधाऱ्यांसह बसावें, आणि येत्या तीन वर्षांत यंत्राकडून करून घ्यावयाचीं कामें एका कागदावर लिहावीं. प्रत्येक कामापुढें त्याचें सॉफ्टवेअर लिहावें, आणि त्याखालीं त्या सर्वांस पुरेल एवढी रॅम. तोच कागद हातीं घेऊन दुकानाची पायरी चढावी. वरच्या इयत्तेंतील दोघां-चौघांनीं लिनक्स घालण्याची रीति शिकून घेतली व शाळेंत एक-दोन पेन ड्राइव्ह तयार ठेवले, तर गांवांत बंद पडून असलेलें एखादें यंत्र पुढील वर्षीं दहावीस बसणाऱ्या मुलीच्या हातीं देतां येईल.