'शुगरवर गुणकारी' लिहिण्याआधी हे वाचा



गोंदिया, देवरी, सालेकसा, कुठेही ट्रेनिंग घेतलं तरी एक प्रश्न हमखास येतो. "सर, मोहाचे लाडू विकतो. पाकिटावर 'शुगरवर गुणकारी' टाकलं तर चालेल का? व्हॉट्सअॅपवर तर सगळेच टाकतात." नाही चालणार. का नाही, ते आज सविस्तर पाहू.

आधी आपला ग्राहक माहिती कशी शोधतो ते बघा. तो टाईप करत नाही, मोबाईलला तोंडाने विचारतो, तेही बरेचदा हिंदीत: "शुगर में महुआ खा सकते हैं क्या?" समोर आधी व्हिडिओ येतात. पहिला व्हिडिओ खरा असतो म्हणून वर येतो असं नाही, लोक तो जास्त बघतात म्हणूनही येतो. मग तोच फॅमिली ग्रुपवर जातो. तिथे मामाने पाठवला म्हटल्यावर कोण तपासतं? मेसेजवर दोन बाणांची खूण दिसली, तर तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय असं समजा. एप्रिल 2020 पासून व्हॉट्सअॅपने असा मेसेज एका वेळी एकाच चॅटला पाठवता येईल अशी मर्यादा घातली आहे. पण मर्यादा घातली म्हणून मजकूर खरा होत नाही.

अशा मेसेजने धंदा कसा बसतो, तेही आपण पाहिलंय. फेब्रुवारी 2020 मध्ये 'चिकन खाल्ल्याने कोरोना होतो' असे मेसेज फिरले आणि महाराष्ट्रातल्या पोल्ट्रीवाल्यांचे भाव कोसळले. हैदराबादमध्ये तर मंत्र्यांनी स्टेजवर चिकन खाऊन दाखवलं. कोंबडीचा काय दोष, सांगा?

आता आपल्या मोहाकडे या. सुकलेल्या मोहफुलात निम्म्याच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त, साखरच असते. म्हणून तर त्याची दारू निघते! लाडूत वरून गूळ पडतो तो वेगळा. असा लाडू 'शुगरवर औषध' म्हणून विकला आणि एखाद्या काकूंनी त्याच्या भरवशावर गोळी बंद केली तर? नुकसान फक्त ग्राहक तुटण्याचं नाही, तिच्या जिवाचं आहे. माझ्या मते कायद्याच्या आधी एवढं कारण पुरेसं आहे.

तरी कायदा सांगतो. 1954 च्या औषध व जादुई उपाय कायद्यात काही आजारांची यादी आहे. मधुमेह, कॅन्सर, ब्लड प्रेशर, लठ्ठपणा हे सगळे त्यात आहेत. त्यांवर इलाज म्हणून जाहिरात केली तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. आणि जाहिरात म्हणजे फक्त पेपरातली नाही. त्या कायद्याच्या व्याख्येत इंटरनेट येतं, लेबल येतं, अगदी बिलसुद्धा येतं. म्हणजे "माझं तर फक्त स्टेटस होतं जी" हे कारण पुढे करू नका.

काही जण म्हणतात, "पण माझ्याकडे एफएसएसएआय नंबर आहे ना." तो चौदा आकडी नंबर म्हणजे तुमची खाद्य व्यवसाय म्हणून नोंद झाली आहे. लाडूने आजार बरा होतो, असं त्यात कुणी लिहून दिलेलं नाही.

सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे ग्राहकाचा मेसेज. "भाऊ, तुमच्या लाडूने माझी शुगर उतरली." वाचून बरं वाटतं, पण स्टेटसला लावू नका. तो त्यांचा अनुभव आहे, तुम्ही विकायला वापरलात की तुमचा दावा झाला. त्यांना फोन करा आणि गोळ्या चालू आहेत ना, एवढं नक्की विचारा.

एखाद्या पदार्थात काय आहे हे तपासायचं असेल, तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे 2017 चे अन्नघटक तक्ते आहेत. बघायला किचकट आहेत, पण फॉरवर्डपेक्षा लाखपटीने बरे.

मग स्टेटसला लिहायचं काय? हे घ्या, गाव आणि आकडे तुमचे टाका:

"मोहफूल, गूळ, तीळ आणि तुपाचे घरगुती लाडू. अर्धा किलो पॅक. बनवल्याची तारीख पाकिटावर. गोड पदार्थ आहे, शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा."

शेवटची ओळ वाचून काही जण घेणार नाहीत, हे धरून चला. त्यांच्यासाठी दुकानात बिनगोडाचं काय ठेवता येईल, ते पुढच्या व्हिडिओत बघू.