वरून काढलेल्या फोटोला नाव विचारू नका

पावसाळा सरत आला की माझ्याकडे दरोडेखोर माश्यांचे फोटो येऊ लागतात: हे काय आहे, सांगा. कोकणातल्या सड्यांवर, घाटमाथ्याच्या पायवाटांवर ही माशी काडीच्या टोकाला दबा धरून बसते, उडता किडा झडप घालून पकडते आणि सोंड खुपसून त्याला आतून शोषून घेते. फोटो देखणे असतात, पण बहुतेक वरून काढलेले. त्यांत पाठ आणि मिटलेले पंख दिसतात. ओळखीच्या खुणा मात्र भलतीकडेच असतात.

एका गावाच्या लोकजैवविविधता नोंदवहीच्या कामात मी मदतीला होतो. तिथल्या एका मुलाच्या फोटोला मोबाइलमधल्या ॲपने ‘प्रोमॅकस रुफिपेस’ असं नाव सुचवलं आणि ते वहीत उतरलंही. ही जात अमेरिकेच्या पूर्व भागातली! वही पुढे जाण्याआधी ते ध्यानात आलं म्हणून बरं. अशी नोंद एकदा कागदावर आली की पुढचे लोक तिच्यावर विसंबतात, आणि चूक खोडणारा कुणी भेटेलच असं नाही. त्या फोटोत सुदैवाने एक पंख उलगडलेला होता. शिरांमधले कडेलगतचे तीन कप्पे मोजता आले. तशाच दिसणाऱ्या फिलोडिकस वंशात ते दोन असतात. म्हणून ‘प्रोमॅकस, जात अनिश्चित’ एवढंच लिहिलं. जगात दरोडेखोर माश्यांच्या कुळात ७,५०० हून अधिक जाती आहेत आणि कित्येकांची खात्री नराच्या जननांगांवरूनच होते. वंशापाशी थांबण्यात कमीपणा नाही.

आधी कूळ तरी पक्कं करा. समोरून पाहिलं तर दोन डोळ्यांच्या मध्ये, डोक्याच्या माथ्यावर खोल खाच दिसते आणि तोंडावर राठ केसांच्या मिशा. थेरेव्हिडी कुळातल्या माश्या दुरून अशाच वाटतात, पण त्यांच्या माथ्याला खाच नसते. काळ्या भुंग्यासारखी दिसणारी हायपरेकिया ही दरोडेखोर माशी तर भल्याभल्यांना चकवते. तिथे पंख मोजा. भुंग्याला चार, माशीला दोन.

मग कॅमेरा माशीच्या पातळीवर आणा. जमिनीवर पालथं पडावं लागलं तरी चालेल. एक फोटो अगदी बाजूने, एक चेहऱ्याचा, एक पोटाच्या टोकाचा. मिशांचा रंग आणि पायांवरचे काटे यायला हवेत. स्पर्शिकांवर तर खास लक्ष द्या: त्यांच्या टोकाशी पिसासारखे केस दिसले, तर ती ओमॅटियस किंवा तिच्या जवळच्या गोतावळ्यातली. पंखामागून ऊन येत असेल तर शिरा लख्ख उमटतात. माशी उडाली म्हणून मागे धावू नका. ती बऱ्याचदा त्याच काडीवर परतते. सकाळच्या गारव्यात ती ऊन खात बसलेली असते, तेव्हा जवळ जाणं सोपं.

तोंडात शिकार असेल तर तिचाही स्वतंत्र फोटो घ्या. कोण काय खातं याच्या नोंदी आपल्याकडे फार हव्या आहेत. मूळ फाइल कापू नका. तारीख, गाव आणि अधिवास सोबत लिहा. आणि जोडी जुळलेली दिसली तर बाकी सगळं सोडून तिथे थांबा. नर-मादी पुष्कळदा वेगळे दिसतात, आणि दोघं एकाच जातीची आहेत याचा पुरावा त्या एका फोटोत मिळतो.