ठळक पट्टीचे अक्षर

रोमन लिपीतील छापील अक्षर निरखून पाहिल्यास त्याच्या उभ्या दांड्याच्या टोकांशी लहान आडव्या रेषा दिसतात. त्यांना ‘सेरिफ’ म्हणतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील पुस्तकांत जी अक्षरवळणे प्रतिष्ठा पावली, त्यांत या रेषा केसासारख्या बारीक असत. हातातील पानावर त्या शोभून दिसत. परंतु रस्त्यापलीकडून भिंतीवरचा कागद वाचू पाहणाऱ्याला त्या दिसेनाशा होत.

त्याच सुमारास इंग्लंडमधील शहरांच्या भिंती नाटके, लिलाव आणि सोडती यांच्या जाहिरातींनी भरू लागल्या होत्या. या नव्या गरजेसाठी पुस्तकी अक्षर अपुरे होते. लंडनमधील टाइप ओतणारे व्हिन्सेंट फिगिन्स यांनी १८१७ पर्यंत ‘अँटिक’ नावाचे वळण आपल्या नमुनापुस्तकात छापले. त्यातील सेरिफ दांड्याइतकीच जाड, जणू पट्टीच होती. असा मोठा ‘आय’ पाहिला की लोखंडी तुळईचा छेद आठवतो. या जातीच्या अक्षरांना पुढे ‘इजिप्शियन’ असेही नाव पडले. मात्र इजिप्तच्या प्राचीन लिपीशी त्यांचे काहीही नाते नाही.

जाहिरातीची अक्षरे मोठी होत गेली, तसे शिशाचे खिळे फार जड आणि महाग पडू लागले. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्स यांनी फिरत्या पात्याच्या यंत्राने लाकडी अक्षरे कोरण्याची रीत काढली. लाकडात नाजूक रेषेपेक्षा जाड पट्टी अधिक टिकते. त्यामुळे अमेरिकेतील भित्तिपत्रकांवर या वळणाने चांगलेच बस्तान बसविले. परंतु प्रत्येक जाहिरात शेजारणीहून ठळक होऊ पाहू लागली, तेव्हा एकीकडेही लक्ष वेधेनासे झाले.

या अक्षराचे दुसरे सामर्थ्य १८४५ मध्ये प्रत्ययास आले. रॉबर्ट बेस्ले यांच्या लंडनमधील ओतशाळेने ‘क्लॅरेंडन’ हे वळण सिद्ध केले. त्याचे ठसे बेंजामिन फॉक्स यांनी कोरले होते. त्यातील पट्टी दांड्याला हलक्या वळणाने जोडलेली होती, आणि ते पुस्तकातील साध्या मजकुराशेजारी त्याच ओळीत बसावे अशी योजना होती. कायद्याने त्यास तीन वर्षांचे संरक्षण मिळाले. ती मुदत सरताच इतर ओतशाळांनी त्याच्या प्रतिकृती काढल्या आणि ‘क्लॅरेंडन’ हे एका टाइपाचे नाव न राहता एका जातीचे नाव बनले.

तोपर्यंत एखादा शब्द उठून दिसावा म्हणून मुद्रक तिरपी किंवा मोठी अक्षरे वापरीत. आता ठळक अक्षर त्यांच्या हाती आले. १८८४ पासून खंडशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या ऑक्सफर्डच्या महाकोशात मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्येच छापलेले आहेत. दाट मजकुराच्या पानावरही हवा तो शब्द वाचकाच्या नजरेस चटकन पडतो.

भिंतीवर ओरडण्यासाठी घडविलेले अक्षर अशा रीतीने कोशात वाटाड्या झाले. ठळकपणा केवळ अक्षराच्या जाडीत नसतो; भोवतीच्या मजकुराने सौम्य राहणे हीच त्याची अट असते. मथळा जुळविणाऱ्याने हे विसरू नये.