पूना हॉर्स : अश्वांकडून रणगाड्यांकडे

पेशव्यांशी झालेल्या १८१७ च्या तहानुसार उभारलेल्या घोडदळातून 'पूना हॉर्स' हा रिसाला घडला. कालांतराने अश्वांची जागा रणगाड्यांनी घेतली. नाव मात्र कायम राहिले. ११ सप्टेंबर १९६५ रोजी सियालकोट आघाडीवर फिलोरा येथे जखमी होऊनही लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी रणांगण सोडले नाही. १६ सप्टेंबरला त्यांना वीरमरण आले. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत एकवीस वर्षांचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल पेटलेल्या रणगाड्यातूनच लढत धारातीर्थी पडले. दोघांनाही मरणोत्तर परमवीर चक्र प्रदान करण्यात आले. वाहन व शस्त्रे काळानुसार बदलतात. अधिकाऱ्याने सर्वांत पुढे राहण्याची रीत बदलत नाही, हाच या इतिहासाचा बोध होय.