गाव, कारखाना आणि मधली वाट

बेकारी म्हणजे कामाचा अभाव, अशी व्याख्या आपण सहसा करतो. परंतु काम आहे, काम करणाराही आहे, आणि तरी दोघांची गाठ पडत नाही, असेही घडते. पुष्कळदा त्याचे कारण मधल्या वाटेत असते.

आपले पिंपळे सौदागर पूर्वी पवनाकाठचे शेतकऱ्यांचे खेडे होते. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी औषधांचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले, आणि पुढे चिंचवड-भोसरीस कारखान्यांची रांग लागली. येथवर सायकलीने जाता येई. नंतर मोटारींचे मोठे कारखाने पुणे-नाशिक रस्त्यावरील चाकणकडे उभे राहिले. तेथे रेल्वे नाही. सर्व भार रस्त्यावर.

आता थोडे गणित करू. जाण्यास दोन तास व येण्यास दोन तास लागले, तर महिन्याच्या पंचवीस दिवसांत शंभर तास होतात. म्हणजे आठ तासांच्या साडेबारा पाळ्या! त्यांचे वेतन कोणी देत नाही. उलट भाडे पदरचे. सकाळच्या प्रार्थनेस आमची मुले जमतात, तेव्हा कित्येकांचे वडील केव्हाच घराबाहेर पडलेले असतात.

ज्या मातेवर लेकरे व चूल यांचा भार आहे, तिला तर हे तास मुळीच परवडत नाहीत. ती कामाचा शोधच सोडते. आणि जो काम शोधत नाही तो बेकारांच्या गणतीत धरला जात नाही. अशा रीतीने वाटेने निर्माण केलेली बेकारी आकड्यांत दिसतही नाही.

नोकरी शोधण्यासही भाडे लागते. कित्येक कारखाने आपल्या कामगारांसाठी बसगाड्या ठेवतात. परंतु नोकरी शोधणाऱ्यास तीत जागा नसते. इथिओपियातील अदिस अबाबा शहरी तरुणांस केवळ बसभाड्याची मदत देऊन पाहिली, तेव्हा ते अधिक नेटाने काम शोधू लागले व त्यांपैकी अधिक जणांस कायमचे काम मिळाले, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले.

मार्च २०२२ मध्ये पिंपरीहून मेट्रो सुरू झाली, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु ती पुण्याकडे धावते, चाकणकडे नव्हे.

मुलांनो, घरच्या मंडळींचे किती तास वाटेत जातात, ते विचारून वहीत मांडा. आणि उद्या तुमच्यापैकी कोणी कारखाना काढील किंवा रस्ता आखील, तेव्हा प्रथम हे पाहा, की दारापर्यंत कोणास पोहोचता येईल?