गाडी एकोणीस लाखांची, पार्ट अठ्ठ्याऐंशी लाखांचा

आपल्या होस्टेलच्या कट्ट्यावर रात्री अकरानंतर दोनच विषय निघतात. एक मेसची भाजी आणि दुसरा गाड्या. गेल्या महिन्यात आमच्या विंगमधला एकजण म्हणाला, "प्लेसमेंट झाली की पाच वर्षांत सेकंडहँड आलिशान एसयूव्ही घेणार. अठ्ठ्याऐंशी-नव्वद लाखांची गाडी वीसच्या आत मिळते रे!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र माझ्या मामींची निळी वही आठवली. हा लेख त्या वहीवरून लिहिला आहे, पुस्तकातलं जे काही आलंय ते नंतर जोडलेलं आहे.

मामा तासगाव तालुक्यातले द्राक्षबागायतदार. बेदाणा करतात. २०२२ साली त्यांचा माल चांगला गेला, आणि जून महिन्यात त्यांनी मुंबईहून सात वर्षे वापरलेली, सहा सिलिंडरची डिझेल एसयूव्ही आणली. २०१५ चे मॉडेल, ७८,००० किलोमीटर चाललेली. नवीन घेताना पहिल्या मालकाने ८८ लाख मोजले होते, मामांना ती १९ लाखांना मिळाली. गल्लीत पेढे वाटले. "भाच्या, एकोणसत्तर लाख वाचिवलं बघ," असं मामा म्हणाले आणि नुकतीच बारावी झालेल्या मला ते शंभर टक्के पटलं. मामी काही बोलल्या नाहीत. त्यांनी बागेच्या औषधांच्या हिशेबाची वही उलटी केली आणि मागच्या पहिल्या पानावर तारीख टाकली.

आता ते ६९ लाख गेले कुठे, हे आधी पाहू. ते पहिल्या मालकाच्या खिशातून गेले. ६९ लाख भागिले ७८,००० किलोमीटर, म्हणजे त्याला नुसत्या घसाऱ्यापोटी किलोमीटरमागे ८८ रुपये पडले. एवढं होऊनही तो माणूस शहाणा होता, कारण त्याने गाडी योग्य वेळी विकली. अशा गाड्यांना कंपनीची वॉरंटी साधारण तीन वर्षे असते, ज्यादा पैसे भरले की आणखी काही वर्षे वाढते. ती संपेपर्यंत जे मोडेल ते कंपनी बदलून देते. संपल्यावर तोच पार्ट, त्याच कंपनीकडून, त्याच भावाने मालकाला घ्यावा लागतो. गाडीची किंमत दर वर्षी उतरते, पण तिच्या हेडलाइटची किंवा ब्रेक डिस्कची उतरत नाही. उलट डॉलर-युरो वर गेला की तीही वर जाते. थोडक्यात, मामांनी १९ लाखांची गाडी घेतलेलीच नव्हती. त्यांनी ८८ लाखांची गाडी १९ लाखांत घेतली होती, आणि या दोन गोष्टींत फरक आहे.

रिलायबिलिटीच्या तासाला आपण 'बाथटब कर्व्ह' शिकतो. नव्या यंत्रात सुरुवातीला बिघाड जास्त, मग बरीच वर्षे कमी, आणि झीज सुरू झाली की पुन्हा जास्त. वॉरंटीची मुदत त्या टबाच्या सपाट तळावर संपते. सातव्या वर्षी गाडी घेणारा माणूस टबाच्या पलीकडच्या भिंतीवर चढायला लागलेला असतो, आणि त्याला वाटतं आपण सपाटीवर आहोत. त्यात आलिशान गाडीत भाग फार. समजा १०० भाग आहेत आणि प्रत्येक भाग वर्षभर नीट चालण्याची शक्यता ९९ टक्के आहे. ऐकायला छान वाटतं. पण सगळेच्या सगळे वर्षभर नीट चालण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे सुमारे ३७ टक्के. आपल्या सरांनी हे उदाहरण फळ्यावर सोडवलं तेव्हा वर्ग जांभया देत होता. मी एकटाच घाम पुसत होतो.

पहिलं वर्ष तसं बरं गेलं असं मामा आजही म्हणतात. वहीत त्या वर्षी ३ लाख ५७ हजार आहेत: चार टायर १,२४,०००, पुढच्या ब्रेक डिस्क व पॅड ९२,०००, विमा ६१,०००, सर्व्हिसिंग ४६,०००, बॅटरी ३४,०००. यात बिघाड असा एकही नाही, ही नुसती झीज आहे. दोन-सव्वादोन टनांची गाडी थांबवायची तर डिस्क मोठीच लागते आणि ती झिजतेही भराभर.

खरी गोष्ट सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. एका सकाळी गाडी अंगणात पुढच्या डाव्या पायावर बसलेली दिसली. बैल बसतो तशी. इंजिन चालू केल्यावर अर्ध्या मिनिटात उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसली.

इथे थोडा अभ्यास करावा लागेल. साध्या गाडीत चाकावर पाटे किंवा पोलादी स्प्रिंग असते. या गाडीत त्या जागी हवेने भरलेला रबरी फुगा असतो, त्याला एअर स्प्रिंग म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९५७ च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअममध्ये चारही चाकांना हवेचं सस्पेन्शन होतं, आणि गळतीला कंटाळून बऱ्याच मालकांनी ते काढून पोलादी स्प्रिंगा बसवल्या. पुढे इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आलं आणि १९९० च्या दशकात रेंज रोव्हर, मर्सिडीज एस-क्लास अशा गाड्यांतून ही पद्धत पुन्हा रुळली.

फायदा मात्र खरा आहे. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा ठरलेला असतो, त्यामुळे गाडीत माणसं वाढली की तिची झोके घेण्याची गती बदलते आणि गाडी खालीही बसते. हवेच्या स्प्रिंगचा कडकपणा आतल्या दाबाच्या प्रमाणात वाढतो. वजन वाढलं की कॉम्प्रेसर दाब वाढवतो, उंची पूर्ववत करतो. वजन आणि कडकपणा दोन्ही बरोबरीने वाढल्याने झोक्याची गती जवळजवळ तीच राहते. म्हणूनच तासगाव-सांगली रस्त्यावर आजी मागे झोपून जायची.

यासाठी लागतं काय? चार फुगे, एक कॉम्प्रेसर, हवा कोरडी करणारा ड्रायर, हवा वाटणारा व्हॉल्व्ह ब्लॉक, उंची मोजणारे सेन्सर, नळ्या, सील आणि हे सगळं चालवणारा कंट्रोलर. रबराच्या घडीला वर्षानुवर्षे ऊन, ओझोन आणि धूळ लागून बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी फवारलं की पंक्चरवाल्याच्या घमेल्यात दिसतात तसे बुडबुडे दिसतात.

शोरूमच्या वर्कशॉपने एस्टिमेट दिलं. पुढचे दोन्ही स्ट्रट प्रत्येकी १,४२,०००, कॉम्प्रेसर ९६,०००, रिले व व्हॉल्व्ह ब्लॉक ३८,०००, मजुरी २७,०००. एकूण ४ लाख ४५ हजार. ८८ लाखांच्या गाडीला हा ५ टक्के खर्च. १९ लाखांच्या गाडीला २३ टक्के. मामा बाकावर बसले. दारात ऑक्टोबर छाटणी होती, त्यासाठी बाजूला काढलेले पैसे होते तेवढेच. विम्याचं विचारलं तर विमा अपघाताचा, झिजेचा नाही. (अपघात झाला असता तरी साध्या पॉलिसीत रबर-प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के आणि पाच ते दहा वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, हे मला तेव्हा कळलं.)

मामांनी मला फोन केला. "तू इंजिनेर हाईस. सांग, काय करू?"

मी सेकंड इयरला होतो. थर्मोडायनॅमिक्समध्ये बरे मार्क होते, त्यामुळे आत्मविश्वास भरपूर. मी सांगितलं, "मामा, गळतोय एक फुगा. गाडी उठतेय म्हणजे कॉम्प्रेसर चांगला आहे. तो कशाला बदलायचा? हे लोक लुबाडतात." मामांनी ऐकलं. बाहेरच्या एका मेस्त्रींनी डाव्या स्ट्रटचा फुगा नवा बसवून दिला, ४८,००० रुपयांत. मेस्त्री म्हणाले होते, "ड्रायर तरी बघून घ्या." मी म्हटलं, राहू द्या.

चूक काय झाली ते मला तिसऱ्या वर्षी नीट समजलं. ड्रायरमध्ये ओलावा शोषणारे दाणे असतात, बुटाच्या खोक्यातल्या पुडीत असतात त्याच जातीचे. हवा आत जाताना ते ओलावा शोषतात. गाडी खाली येते तेव्हा फुग्यातली कोरडी हवा त्याच ड्रायरमधून उलटी बाहेर पडते आणि जाताना दाणे वाळवून जाते. म्हणजे दाणे स्वतःच पुन्हा ताजे होतात. पण फुगा गळत असेल तर हवा परत ड्रायरकडे येतच नाही, चिरेतूनच निघून जाते. दाणे ओलेच राहतात, कॉम्प्रेसर पुन्हा नवी दमट हवा ओढतो. शिवाय तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी बनवलेला असतो, सतत चालण्यासाठी नाही. गळती महिनाभर जरी राहिली तरी तो तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते. गाडी उठत होती हे खरं. पण कॉम्प्रेसर शेवटची उचल देत होता.

फेब्रुवारी २०२४ मध्ये आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची मिरजेची तारीख होती. पहाटे पाचला गाडी चारही पायांवर बसलेली, आणि उठेना. उजवा फुगाही गळायला लागला होता, कारण तो डाव्याइतकाच जुना. द्राक्षाची तोड चालू, माणसं बागेत. शेवटी चौदा वर्षांची बोलेरो काढली आणि आजी त्यात बसून मिरजेला गेली. ऑपरेशन नीट झालं. मला कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं. मामींनी वहीत लिहिलं: कॉम्प्रेसर ७१,०००, उजवा फुगा ५५,०००.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर तिन्ही मिळून १ लाख ७४ हजारच झाले, शोरूमच्या एस्टिमेटच्या निम्म्याहूनही कमी. म्हणजे बाहेरचे मेस्त्री वाईट नाहीत. फक्त त्यांचं ऐकायला हवं होतं.

बाकीचं पटकन सांगतो. गिअरबॉक्सचं तेल 'लाइफटाइम' आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. कुणाची लाइफ, ते विचारायचं राहिलं. आठ गिअरचे ऑटोमॅटिक बॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगते, आणि त्यातल्या अनेक बॉक्समध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या तळपात्रातच बसवलेला असल्याने पात्रासकट बदलावा लागतो. मामांच्या गाडीला ५८,०००. कूलंटची प्लॅस्टिक नळी तडकली, ३९,०००. सर्व्हिसिंग आणि विमा धरून दुसऱ्या वर्षी ३ लाख ८० हजार. तिसऱ्या वर्षी ईजीआर, सनरूफची तुंबलेली नळी, दोन टायर वगैरे धरून २ लाख ७६ हजार.

तीन वर्षांची बेरीज १० लाख १३ हजार. गाडी चालली ३१,००० किलोमीटर. किलोमीटरमागे ३२ रुपये ७० पैसे, डिझेल सोडून. डिझेल लिटरला साधारण ९२ रुपये आणि ॲव्हरेज ९ धरलं तर सव्वादहा रुपये. म्हणजे आपण ज्याची चर्चा करतो ते ॲव्हरेज हा सगळ्यात छोटा खर्च. २०२५ च्या मे महिन्यात गाडीला साडेनऊ लाखांची मागणी आली, तो घसारा साडेतीस रुपये. एकूण सुमारे साडेत्र्याहत्तर रुपये किलोमीटर. तीन वर्षांत वाहनांच्या पार्टवर बहुतेक २८ टक्के जीएसटी होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झाला आहे, तेवढा दिलासा पुढच्यांना.

स्टाफपैकी कुणी अशी गाडी बघत असाल तर माझ्याकडे एकच पक्की युक्ती आहे, आणि तिला दहा रुपयांची टेप लागते. गाडी संध्याकाळी सपाट जागी लावायला सांगा. चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीपर्यंतचं अंतर मोजून लिहा. सकाळी इंजिन चालू करण्याआधी पुन्हा मोजा. विकणारा रात्रभर गाडी उभी ठेवायला तयार नसेल तर तेही एक मापच झालं. मग स्कॅनर लावून घ्या, टायरवरचा चार अंकी आठवडा-वर्षाचा शिक्का वाचा, आणि गाडीच्या किमतीबरोबरच एका स्ट्रटची किंमत विचारा. उत्तर ऐकताना बसलेले असा.

मामांनी गाडी विकली नाही. साडेनऊ लाखांत काय येतंय म्हणतात, आणि आजीला ती आवडते. दर रविवारी ते टेप घेऊन मापं काढतात आणि मला फोनवर सांगतात. परवाचा आकडा: डावी पुढची रात्री ४९२ मिलिमीटर, सकाळी ४८८.

"चार मिलिमीटर म्हणजे काय रं? गारठ्यानं हवा आकसली, का गळतीय?"

मी म्हटलं, "मामा, या वेळी मी सांगत नाही. मेस्त्रींना विचारा." मागून मामींचा आवाज आला, "वही आणू काय?"