शब्दांची किंमत

(प्रीमो लेव्ही या इटालियन लेखकाने नाझींच्या छळछावणीतील आपले अनुभव लिहून ठेवले आहेत. त्या आठवणींच्या आधारे काही मराठी शब्दांची ओळख या पाठात करून दिली आहे.)

मुखेडच्या बाजारात गेलात, की कानांवर कितीतरी भाषा पडतात. कोणी उर्दू बोलतो, कोणी मराठी. मधूनच तेलुगू आणि कन्नड शब्द ऐकू येतात. एखादा शब्द समजला नाही, तर आपण बोटाने वस्तू दाखवतो, हसतो आणि काम भागते. पण शब्द समजला नाही म्हणून माणसाचा जीव जावा, अशीही एक जागा या जगात होती.

प्रीमो लेव्ही हा इटलीतील तुरीन शहरातील तरुण. तो रसायनशास्त्र शिकलेला होता आणि धर्माने ज्यू होता. त्या काळी जर्मनीत हिटलरच्या नाझी पक्षाची सत्ता होती. नाझींनी युरोपातील लाखो ज्यूंना पकडून ठार मारले. डिसेंबर १९४३ मध्ये लेव्हीला अटक झाली. फेब्रुवारी १९४४ मध्ये सुमारे ६५० कैद्यांना आगगाडीच्या बंद डब्यांत कोंबून पोलंडमधील ऑश्विट्झ येथे नेण्यात आले. त्यांत तोही होता. त्यांच्यापैकी बहुतेकांना तेथे पोहोचताच विषारी वायूने मारण्यात आले. लेव्ही २४ वर्षांचा होता. म्हणून त्याला कामाला जुंपले.

छावणीत सारे हुकूम जर्मन भाषेत सुटत. हुकूम समजला नाही, की पाठीवर मार बसे. कोठे उभे राहायचे, पाव केव्हा मिळतो, कोणती चूक जिवावर बेतेल, हे विचारायलाही शब्द हवे होते. इटलीतून आलेल्या बहुतेकांना जर्मन येत नव्हते. त्यांतील पुष्कळ जण पहिल्या काही आठवड्यांतच मरण पावले.

लेव्हीला रसायनशास्त्राच्या पुस्तकांमुळे थोडेसे जर्मन येत होते. तेवढ्यावर भागणार नाही, हे त्याने ओळखले. जर्मन जाणणाऱ्या एका कैद्याला त्याने भाषा शिकवण्याची विनंती केली. रात्री दिवे गेल्यावर, झोप लागेपर्यंत, तो कैदी कुजबुजत धडे देई. मोबदला काय? लेव्हीच्या वाट्याचा पाव! उपाशी माणसाने पाव देऊन शब्द घेतले. तो सौदा फायद्याचाच ठरला, असे त्याने पुढे लिहिले.

२७ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत सैन्य तेथे पोहोचले. लेव्ही जिवंत होता. त्याच वर्षी तो घरी परतला आणि १९४७ मध्ये त्याचे आठवणींचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात तो म्हणतो, की 'भूक' आणि 'थंडी' हे स्वतंत्र माणसांचे शब्द आहेत. छावणीतील भुकेला ते पुरे पडत नाहीत. याचा अर्थ नीट समजून घ्या. रोजा ठेवणाऱ्यालाही भूक लागते. पण सूर्य मावळला, की इफ्तार होणार, हे त्याला ठाऊक असते. छावणीतील भुकेला असा सूर्यास्त नव्हता.

आता 'छावणी' हा शब्द पाहा. तो उर्दूतही आहे. लष्कर राहते ती छावणी. त्यापूर्वी 'छळ' आला, की 'छळछावणी' असा भयंकर शब्द तयार होतो. पण छावणी आसराही देते. त्याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सरकारने पोलंडच्या असंख्य कुटुंबांना हद्दपार करून सायबेरिया व कझाकस्तानात पाठवले होते. तेथे थंडी, उपासमार आणि कष्ट यांनी अनेक जण दगावले. वाचलेल्यांपैकी काही जण इराणमार्गे भारतात आले. १९४३ मध्ये कोल्हापूरजवळ वळिवडे येथे त्यांच्यासाठी छावणी उभारण्यात आली. सुमारे ५००० निर्वासित तेथे राहिले. त्यांत स्त्रिया आणि मुलेच जास्त होती. मुलांसाठी शाळा होत्या, दवाखाना होता, प्रार्थनेसाठी चर्च होते. १९४८ पर्यंत ही माणसे तेथून गेली. पुढे त्याच जागी फाळणीमुळे बेघर झालेले सिंधी निर्वासित आले. तेथेच आजचे गांधीनगर वसले.

छावणी हा शब्द एकच. एका ठिकाणी तिने माणसाचा पाव हिरावला, दुसऱ्या ठिकाणी मुलांच्या हाती पाटी दिली. शब्दकोशात आपल्याला शब्दाचा अर्थ मिळतो. त्याची किंमत मात्र ज्याने तो भोगला, त्याच्याकडूनच कळते.

शब्दार्थ

छळ – जुलूम
जुंपणे – जबरदस्तीने कामाला लावणे
कुजबुजणे – हळू आवाजात बोलणे
मोबदला – कामाबद्दल दिलेली वस्तू किंवा पैसा, मुआवजा
वाटा – हिस्सा
आसरा – पनाह
हद्दपार करणे – देशाबाहेर किंवा दूर घालवून देणे
निर्वासित – घरदार सोडावे लागलेला, पनाहगीर
दगावणे – मरण पावणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेव्हीने भाषा शिकवण्याचा मोबदला म्हणून काय दिले?
(आ) वळिवडे येथील छावणीत कोण राहत होते?

प्र. २. 'छावणीतील भुकेला असा सूर्यास्त नव्हता', या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ३. हुकूम, कैदी, सौदा हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातील असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.

उपक्रम : १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या एखाद्या आजी-आजोबांना भेटा. त्यांना 'भूक' या शब्दाचा अर्थ विचारा आणि ते सांगतील ते मराठीत पाच ओळींत लिहा.